न दिसणाऱ्या शत्रूची टेहळणी

टेहळणीशिवाय हल्ला नाही, हा धडा आपल्या शाळेतल्या कॅडेटला पहिल्याच वर्षी मिळतो. शत्रू कुठे आहे, किती आहे, त्याची नाकेबंदी कुठे कच्ची आहे, हे कळल्याशिवाय केलेला मारा म्हणजे दारूगोळ्याची नासाडी. मला आज अशा एका शत्रूच्या टेहळणीविषयी लिहायचे आहे, जो कोणत्याही दुर्बिणीतून दिसत नाही, ज्याला सीमा ठाऊक नाही आणि ज्याने २०२० साली देशभरातल्या शाळा, बाजार आणि रेल्वेगाड्या बंद पाडल्या. तो शत्रू म्हणजे विषाणू. त्याची अंगकाठी क्ष-किरणांच्या मदतीने शोधून काढणे हे देशरक्षणाचेच काम आहे, आणि आपल्यासारख्या सैनिकी शाळेने ते तसे उघडपणे मानले पाहिजे, असे माझे मत आहे. आर्मी एज्युकेशन कोअरमधली नोकरी संपवून मी इथे भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे हे मत वर्गात तयार झालेले आहे. ते का झाले, ते सांगतो.

आधी अडचण समजून घेऊ. माणसाच्या केसाची जाडी साधारण ८० हजार नॅनोमीटर. करोनाचा विषाणू सुमारे १०० नॅनोमीटर, डेंग्यूचा सुमारे ५०. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर. कोकणात समुद्रात रोवलेला बांबू पाहिला असेल, तर त्यावरून मुद्दा कळेल. मोठी लाट येते, बांबूला वळसा घालून पुढे जाते आणि तिच्या आकारावरून वाटेत बांबू होता हे कळतसुद्धा नाही. प्रकाशाच्या लाटेपुढे विषाणू हा असाच बांबू आहे. भिंग कितीही चांगले घासा, लाटच मोठी असेल तर बारकावा दिसणार नाही.

क्ष-किरणांची तरंगलांबी साधारण ०.१ नॅनोमीटर, म्हणजे एका अणूच्या मापाची. लाट बारीक मिळाली, पण इथे दुसरी अडचण उभी राहते. प्रकाशासाठी काचेचे भिंग असते, तसे अणू वेगळे दाखवू शकेल असे भिंग क्ष-किरणांसाठी करता येत नाही. दवाखान्यात हात मोडल्यावर काढतात तो फोटो म्हणजे हाडाची सावली असते. विषाणूच्या सावलीतून त्याचे अणू कळत नाहीत.

यावर शास्त्रज्ञांनी काढलेली युक्ती परेड करणाऱ्याला लगेच समजावी अशी आहे. मैदानात एका कॅडेटने बूट आपटला तर तो शंभर पावलांवर ऐकू येत नाही. पाचशे कॅडेट एका ठेक्यात आपटले तर आवाज फाटकाबाहेर जातो. एका विषाणूवरून किंवा एका प्रथिनावरून उसळणारे क्ष-किरण इतके क्षीण असतात की त्यांची नोंद होणे कठीण. म्हणून त्या प्रथिनाचा स्फटिक तयार करतात. स्फटिक म्हणजे अब्जावधी रेणूंची परेड: सगळे एकाच दिशेला तोंड करून, सारख्या अंतरावर, रांगेत उभे. त्यावर किरण सोडले की ठरावीक दिशांना त्यांची उसळी एकमेकांत मिळून जोरकस होते आणि पलीकडच्या पटलावर ठिपके उमटतात. चित्र मिळत नाही, ठिपके मिळतात. त्या हजारो ठिपक्यांची जागा आणि तीव्रता मोजून, गणित करून, ते कोणत्या आकारावरून आले असतील हे मागे मागे जात शोधायचे. याची छोटी आवृत्ती कोणालाही पाहता येते. रात्री उघड्या छत्रीच्या घट्ट विणीच्या कापडातून दूरचा एखादा दिवा पाहा. दिव्याभोवती ठिपक्यांची फुली दिसेल. कापड फिरवले की फुलीही फिरते. कापडाचे धागे दिसत नाहीत, पण त्यांची वीण कशी आहे हे ती फुली सांगते.

ज्याने या ठिपक्यांचा नियम मांडला तो लॉरेन्स ब्रॅग पहिल्या महायुद्धात तोफखान्याचा अधिकारी होता, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. सैनिकी शाळेत ती यायला हवी. १९१५ साली ब्रिटिश सैन्याने त्याला फ्रान्सच्या आघाडीवर पाठवले. काम असे होते की लपलेली शत्रूची तोफ तिच्या आवाजावरून शोधायची. आघाडीमागे मोजून ठरवलेल्या जागांवर ध्वनिग्राहक मांडायचे. तोफ उडाली की तिचा आवाज प्रत्येकाकडे वेगळ्या क्षणी पोहोचतो. त्या क्षणांतला फरक मोजला की तोफेची जागा कागदावर काढता येते. अडचण ही होती की साधे ध्वनिग्राहक गोळ्याच्या कर्कश आवाजानेच गोंधळून जात. ब्रॅग राहत होता त्या घराच्या शौचकूपात बसला असताना जवळची तोफ उडाली की आपण आसनावरून किंचित उचलले जातो, असे त्याच्या लक्षात आले. कानाला ऐकू न येणारा खर्जातला मोठा दाब तोफेतून येतो, हे त्याला तिथे कळले. पुढे त्याच्या तुकडीतल्या टकर नावाच्या सहकाऱ्याने तापलेल्या बारीक तारेचा ध्वनिग्राहक बनवला. तो नेमका हाच दाब पकडत होता. १९१७ साली कांब्रेच्या लढाईत शत्रूच्या तोफा हेरायला ही पद्धत वापरली गेली. आज आपल्या तोफखान्याकडे शत्रूच्या तोफा शोधणारे डीआरडीओचे ‘स्वाती’ रडार आहे. साधन बदलले, विचार तोच आहे: वस्तू दिसत नसेल तर तिच्याकडून येणाऱ्या लाटांच्या नोंदीवरून ती शोधा.

ब्रॅग आघाडीवर असतानाच, १९१५ च्या नोव्हेंबरात, त्याला वडिलांसोबत भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. वय २५. त्याच्या दोन महिने आधी त्याचा धाकटा भाऊ रॉबर्ट गॅलिपोलीत पडला होता. त्याच गॅलिपोलीत, ऑगस्टमध्ये, २७ वर्षांचा हेन्री मोज्ली डोक्यात गोळी लागून गेला. मूलद्रव्यांचा अणुक्रमांक क्ष-किरणांवरून ठरवता येतो हे दाखवणारा हाच तो मोज्ली. तो तिथे संदेशवहन अधिकारी म्हणून लढत होता. याच रणभूमीवर आपल्या शीख आणि गुरखा पलटणींनीही रक्त सांडले, त्यामुळे त्या मातीबद्दल मी आदरानेच लिहितो. मोज्लीचे शौर्य कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. पण त्याचे गुरू रदरफोर्ड यांनी तेव्हा जाहीरपणे विचारलेला प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे: अशा माणसाचा देशाला अधिक उपयोग कुठे झाला असता? ब्रॅग आणि मोज्ली दोघेही गणवेशात होते. एकाच्या बुद्धीचा त्याच्या सेनेने उपयोग करून घेतला, दुसऱ्याच्या बुद्धीचा करून घेता आला नाही.

आता विषाणूकडे येऊ. १९३५ साली अमेरिकेत वेंडेल स्टॅन्ली यांनी तंबाखूच्या पानांवर रोग पाडणारा विषाणू स्फटिकरूपात वेगळा केला. सजीवासारखा वाढणारा विषाणू मिठासारखा बरणीत भरून ठेवता येतो, याने जग थक्क झाले. पुढे लंडनमध्ये रोझलिंड फ्रँकलिन यांनी याच विषाणूवर क्ष-किरणांनी काम केले. डीएनएच्या फोटोमुळे त्यांचे नाव आपण ऐकलेले असते, पण त्यांच्या शेवटच्या पाच वर्षांतले मोठे काम विषाणूंचे आहे. १९५८ साली, ३७ व्या वर्षी, त्या कर्करोगाने गेल्या, तेव्हा पोलिओच्या विषाणूवर काम सुरू झालेले होते. १९७८ मध्ये टोमॅटोच्या एका विषाणूचे अणूंच्या पातळीपर्यंतचे रूप उलगडले आणि १९८५ मध्ये सर्दीच्या आणि पोलिओच्या विषाणूंचे.

भारतात या कामाचा पहिला मान बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेला जातो. तिथे एम. आर. एन. मूर्ती यांच्या गटाने ज्या विषाणूची रचना क्ष-किरणांनी उलगडली, तो हादग्याच्या झाडावर पडणारा विषाणू. आपल्याकडे ज्याच्या फुलांची भाजी करतात, तोच हादगा. १९९५ मध्ये ती रचना प्रसिद्ध झाली. एकाच प्रथिनाच्या १८० प्रती एकमेकींत अडकून बनलेला तो गोल आहे.

आणि दिल्ली? पालकहो, आपण राहतो त्या शहराचा या कामाशी असलेला संबंध आपल्या मुलांना माहीत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. मराठी वाचकाला ओळखीचे वाटेल असे एक आडनाव घेतो: दिनकर साळुंके. बेंगळुरूला डॉक्टरेट करून ते अमेरिकेत डोनाल्ड कॅस्पर यांच्या प्रयोगशाळेत गेले. हे कॅस्पर म्हणजे फ्रँकलिन यांच्यासोबत तंबाखूच्या विषाणूवर काम केलेले शास्त्रज्ञ. तिथे साळुंके यांनी सहकाऱ्यांबरोबर पॉलिओमा नावाच्या विषाणूच्या कवचावर काम केले. १९८६ च्या त्यांच्या शोधनिबंधाने दाखवले की या कवचाचे प्रथिन वेगळे काढून शुद्ध केले, तर ते योग्य परिस्थितीत आपोआप एकमेकांत बसून पोकळ कवच तयार करते. आत विषाणूचा जनुकीय मसाला नाही, म्हणजे रोग नाही. बाहेरचा गणवेश मात्र तंतोतंत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची लस याच तत्त्वावर चालते: शरीराला विषाणूचा रिकामा गणवेश दाखवायचा आणि त्याच्या रक्षकांना तो ओळखायला शिकवायचे. लशीचे श्रेय अनेक प्रयोगशाळांचे आहे, पण त्या वाटेवरच्या या दगडावर एका भारतीयाचे नाव आहे. २०२२ मध्ये मंजुरी मिळालेली अशी भारतीय लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली. आपल्या शाळांत आता मुलीही शिकतात, तेव्हा या लशीची चौकशी पालकांनी जरूर करावी.

साळुंके पुढे दिल्लीत आले. राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेत त्यांनी वर्षानुवर्षे काम केले, मग फरीदाबादचे प्रादेशिक जैवतंत्रज्ञान केंद्र उभे केले, नंतर दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय जनुकीय अभियांत्रिकी आणि जैवतंत्रज्ञान केंद्राचे ते संचालक झाले. इकडे एम्सच्या जैवभौतिकी विभागात टी. पी. सिंग यांच्या गटाने घोणशीच्या विषातल्या एका विकराच्या अनेक रचना क्ष-किरणांनी उलगडल्या. घोणस आपल्या कॅडेटला फील्डवर गवतात भेटते. तिच्या विषाचा रेणू कसा दिसतो आणि कोणता पदार्थ त्यात अडकून बसतो, हे दिल्लीत शोधले गेले आहे. ही सगळी ठिकाणे दक्षिण दिल्ली आणि फरीदाबाद या पट्ट्यात आहेत. आपल्या सहली मात्र दरवर्षी त्याच चार ठिकाणी जातात.

हे सगळे कशासाठी, असा प्रश्न कॅडेट विचारतात आणि विचारायलाच हवा. डेंग्यूचे उदाहरण घ्या, कारण पावसाळा संपता संपता एनसीआरमधल्या प्रत्येक वसाहतीत आणि बराकीत कूलरचे पाणी ओता, असा हुकूम निघतो. १९९६ मध्ये दिल्लीत डेंग्यूने चारशेहून अधिक माणसे गेली. या विषाणूच्या अंगावर एकाच प्रथिनाच्या १८० प्रती कौलांसारख्या आडव्या बसवलेल्या असतात. त्या प्रथिनाचा नेमका आकार क्ष-किरणांनी कळला. डेंग्यूचे चार प्रकार आहेत आणि एकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकाराच्या वेळी उलट त्रास वाढवू शकतात. म्हणून कौलाच्या कोणत्या भागावर नेम धरायचा, हे लस बनवणाऱ्याला माहीत असावे लागते. चुकीच्या जागी धरलेला नेम इथेही स्वतःच्याच माणसांना लागतो.

करोनाच्या वेळी काय झाले तेही पाहा. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने भारतातल्या पहिल्या रुग्णाच्या घशातल्या नमुन्यातून विषाणूचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेले चित्र प्रसिद्ध केले. मुकुटासारखे काटे असलेला तो गोल आपण सर्वांनी पाहिला. ते चित्र म्हणजे शत्रू आला आहे याची खात्री. पण त्याला रोखायचे तर त्याच्या शस्त्राची कळ कुठे आहे हे कळावे लागते. ते काम क्ष-किरणांनी केले. विषाणूला स्वतःच्या प्रती काढायला लागणारी एक कात्री असते, प्रथिने कापणारी. शांघायच्या शास्त्रज्ञांनी तिचा स्फटिक बनवून तिची रचना फेब्रुवारी २०२० च्या पहिल्याच आठवड्यात जगासाठी खुली केली. त्या कात्रीच्या बेचक्यात पाचर मारणारे औषध पुढे आले आणि लाखो रुग्णांना दिले गेले. चीनमधून पहिली बातमी येऊन तेव्हा जेमतेम पाच आठवडे झाले होते. टेहळणीचा इतका जलद अहवाल कोणत्याही सेनेला हेवा वाटावा असा आहे.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. अशा टेहळणीला तीन गोष्टी लागतात: स्फटिक बनवणारे चिकाटीचे हात, गणित करणारी डोकी आणि अतिशय प्रखर क्ष-किरणांचा स्रोत. पहिल्या दोन आपल्याकडे आहेत. तिसरी अपुरी आहे. प्रखर किरणांसाठी सिंक्रोट्रॉन नावाचे प्रचंड वर्तुळाकार यंत्र लागते. त्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरवतात आणि वळताना ते क्ष-किरण फेकतात. आपले असे यंत्र होळकरांच्या इंदूरमध्ये, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात आहे. नाव इंडस-२, परीघ १७२.५ मीटर, ऊर्जा अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट. प्रथिनांच्या स्फटिकांसाठी तिथे मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेली किरणवाट आहे. तिचा अभिमान बाळगावा असेच ते काम आहे. पण फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या यंत्राचा परीघ ८४४ मीटर आणि ऊर्जा सहा अब्ज आहे. त्यामुळे आपले शास्त्रज्ञ अवघड स्फटिक द्रवरूप नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर गोठवून, पेटीत बंद करून विमानाने परदेशी पाठवत आले आहेत. ग्रनोबलची एक किरणवाट तर काही वर्षे भारताच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या भागीदारीत चालली.

मित्राच्या दुर्बिणीतून पाहण्यात कमीपणा नाही. विज्ञान सहकार्यानेच चालते. पण मार्च २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने थांबली होती, हे आपण विसरू नये. ज्या आठवड्यात टेहळणीची सर्वांत जास्त गरज, त्याच आठवड्यात पेटी कशी जाणार? ब्राझीलने आपले नवे सिंक्रोट्रॉन, सिरियस, तेव्हा नुकतेच उभे केले होते. २०२० च्या जुलैत त्यावर झालेल्या अगदी पहिल्या प्रयोगांत करोनाच्या प्रथिनाचे स्फटिक होते. त्यांचे यंत्र त्यांच्या घरात होते. आपल्याकडेही अधिक शक्तिशाली स्रोत हवा, अशी चर्चा शास्त्रज्ञांत बऱ्याच वर्षांपासून आहे. तोफा, विमाने, पाणबुड्या देशात बनाव्यात यावर आपल्या शाळेत वादविवाद स्पर्धा होतात. त्या यादीत मी या यंत्राचे नाव घालतो. ते शस्त्र नाही, पण संकटाच्या दिवशी दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागू नये अशा वस्तूंपैकी ते नक्कीच आहे.

यावर वाचणारे जाणकार दोन आक्षेप घेतील. पहिला: आता गोठवलेल्या नमुन्यांवर चालणारी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची नवी पद्धत आली आहे, तिला २०१७ चे नोबेलही मिळाले, स्फटिकाची गरजच उरली नाही. ती पद्धत उत्तमच आहे. करोनाच्या काट्याची रचना तिनेच दिली. पण औषधाचे शेकडो उमेदवार एकामागून एक त्या कात्रीत बसवून पाहायचे असतील, तर क्ष-किरणांचा वेग आजही मोठा आहे. तोफखाना आला म्हणून पायदळ मोडीत निघत नाही. शिवाय क्ष-किरणही पुढे गेले आहेत. २०११ साली अमेरिकेत क्ष-किरण लेझरच्या एकाच अतिसूक्ष्म झोताने मिमीव्हायरस या मोठ्या विषाणूच्या एकट्या कणाची प्रतिमा मिळवली गेली, स्फटिक न बनवता. त्या झोताने कण नष्ट होतो, पण तो फुटण्याआधीच किरण त्याची खबर घेऊन निसटलेले असतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रथिनाचा आकार आता संगणक सांगतो. अल्फाफोल्ड नावाच्या प्रणालीने ते करून दाखवले आणि २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यामागच्या लोकांना मिळाले. मग एवढी यंत्रे कशाला? याला माझे उत्तर दोन भागांत आहे. ती प्रणाली ज्या माहितीवर शिकली, ती माहिती प्रथिनांच्या जागतिक पेढीतली आहे. ही पेढी १९७१ मध्ये अवघ्या सात रचनांवर सुरू झाली आणि आज तिथे दोन लाखांहून अधिक रचना आहेत, बहुतेक क्ष-किरणांनी मिळवलेल्या. दुसरा भाग पॉलिओमा विषाणूचाच. या विषाणूंची कवचे कशी बांधलेली असावीत याचा सिद्धांत कॅस्पर आणि क्लुग यांनी १९६२ मध्ये मांडला होता. त्याप्रमाणे पॉलिओमाच्या ७२ गठ्ठ्यांपैकी १२ पाच-पाचांचे आणि ६० सहा-सहांचे असायला हवे होते. १९८२ मध्ये कॅस्पर यांच्याच प्रयोगशाळेने क्ष-किरणांनी पाहिले, तर ७२ च्या ७२ गठ्ठे पाच-पाचांचे निघाले. सिद्धांत सुंदर होता, मांडणारा प्रयोगशाळेचा प्रमुख होता, तरी त्यांनी पाहिले तेच छापले. नकाशा काहीही म्हणो, टेहळणीला गेलेल्या जवानाने जे दिसले तेच सांगायचे असते. संगणकाचा अंदाज हा चांगला नकाशा आहे. तो प्रत्यक्ष जाऊन पडताळणारे कोणीतरी लागणारच.

ते कोणीतरी कोण, हा प्रश्न मला आपल्या शाळेपर्यंत आणतो. दरवर्षी एनडीएचा निकाल लागला की निवड झालेल्यांची नावे फलकावर चढतात, आणि ती चढलीच पाहिजेत. पण त्याच वेळी एक न लिहिलेली यादीही असते. एसएसबीहून परत आलेले, वैद्यकीय तपासणीत रंगदृष्टीवर किंवा कानावर अडकलेले, अशी मुले त्यात असतात. त्यांना कोणी रागावत नाही, पण त्यांच्याशी बोलताना सगळ्यांचा आवाज खाली येतो. घरी फोन करताना त्यांचे खांदे पडलेले मी पाहिले आहेत. “आता काय करणार बाळ?” असे आई विचारते, आणि त्या प्रश्नात सगळे संपल्याचा सूर असतो. सात वर्षे पहाटे उठण्याची, नीटनेटकेपणाची, हरल्यावर पुन्हा उभे राहण्याची सवय लावून आपण ज्याला घडवले, त्याला एका तपासणीनंतर देशसेवेच्या बाहेर गेल्यासारखे वाटावे, हे मला मान्य नाही.

याचा अर्थ प्रयोगशाळा ही नापासांची छावणी आहे, असाही कोणी घेऊ नये. ते काम एसएसबीपेक्षा सोपे नाही. एका प्रथिनाचा स्फटिक महिनोन्‌महिने येत नाही. आला तर ठिपके देत नाही. मॅक्स पेरुत्झ यांनी रक्तातल्या हिमोग्लोबिनवर १९३७ मध्ये काम सुरू केले आणि रचना हाती आली १९५९ मध्ये. बावीस वर्षे. मध्ये महायुद्ध होऊन गेले. ज्याला एकाच मैदानात रोज तीच कवायत करूनही कंटाळा येत नाही, त्याच्याकडे या कामाला लागणारा मुख्य गुण आधीच आहे. आणि पटलावरचे ठिपके काळे-पांढरे असतात. तिथे रंगदृष्टीची अट नाही.

काही जण म्हणतील, सैनिकी शाळेचे काम अधिकारी घडवणे आहे, शास्त्रज्ञ नव्हे. हा मुद्दा मी आदराने ऐकतो. पण ज्या अधिकाऱ्याला विज्ञानाची कदर नाही, तो आपल्या तुकडीतला ब्रॅग ओळखणार कसा? जो कॅडेट एनडीएत जाईल त्यालाही हे माहीत असावे, आणि जो जाणार नाही त्याला हे दार उघडे दिसावे. दोघांनाही त्याचा उपयोग आहे.

म्हणून माझ्या मागण्या छोट्या आणि खर्च न वाढवणाऱ्या आहेत. पहिली, अकरावीची एक सहल दरवर्षी दिल्ली किंवा फरीदाबादच्या एखाद्या संशोधन संस्थेत जावी. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास अनेक संस्था शाळांसाठी दारे उघडतात. पत्र आधी गेले पाहिजे, एवढेच. दुसरी, आपल्या प्रयोगशाळेत तुरटीचे आणि मोरचुदाचे स्फटिक वाढवण्याची आंतर-हाऊस स्पर्धा व्हावी. चांगला स्फटिक यायला भांडे हलवायचे नाही आणि घाई करायची नाही. शिस्तीची याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही. तिसरी, जे माजी विद्यार्थी संशोधनात गेले आहेत, त्यांचीही नावे फलकावर यावीत. त्यांना वर्षातून एकदा, गणवेशातल्या माजी विद्यार्थ्यांना बोलावतो तशाच मानाने, बोलावले जावे. चौथी पालकांसाठी: निकालाच्या संध्याकाळी मुलाशी बोलताना आवाज खाली आणू नका. आयसर, एम्स, एएफएमसी, डीआरडीओ ही नावेही तुम्हाला माहीत असू द्या आणि ती अभिमानाने घ्या.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात २०१६ साली माकडतापाने माणसे दगावली. काजूच्या बागेत कामाला गेलेल्या माणसाला गोचीड चावते आणि ताप येतो. त्या विषाणूवर नेमके लागू पडणारे औषध आजही नाही. आपल्या वसतिगृहात कोकणातली मुले आहेत. त्यांच्यातल्या एखादीने किंवा एखाद्याने पुढे त्या विषाणूच्या कोणत्या प्रथिनावर नेम धरायचा हे शोधून काढले, तर तो दिवस या शाळेने परेड काढून साजरा करावा. त्या परेडला मी निवृत्तीनंतरही येईन.

जय हिंद.